किरीटधारी कपोत

कपोत या जातीविषयी आपल्या मनात जो काही आदर आहे, तो दयेच्या पोटी जन्मलेला आहे. ससाण्याच्या भयाने थरथरत शिबिराजाच्या मांडीवर येऊन पडलेला कपोत आपल्याला माहीत आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताला ज्याने मोहाचा धडा दिला, तो पिलांच्या मागोमाग आपण होऊन पारध्याच्या जाळ्यात उडी घालणारा कपोतही माहीत आहे. आणि देवळाच्या शिखरावर, गोदामाच्या पत्र्यावर, मुंबईच्या चाळींच्या वळचणीला पिढ्यान् पिढ्या बिनभाड्याने राहून घुमत असलेला पारवा तर इतका माहीत आहे, की मान वर करून त्याच्याकडे पाहण्याचे कष्टही आपण घेत नाही. दुबळा, भित्रा, संसारी आणि किंचित मूर्ख, अशी या कुळाची नोंद आपल्या दप्तरी कायमची होऊन बसली आहे. म्हणूनच याच कुळात अडीच फूट लांबीचा, जुन्या मापाने अडीच शेरांहून अधिक वजनाचा, उडण्यापेक्षा जमिनीवर पावले मोजीत चालणे पसंत करणारा आणि मस्तकावर निसर्गदत्त मुकुट धारण करणारा एक पक्षी आहे, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही. माझाही, चित्र पाहीपर्यंत, पुरता बसला नव्हता.

हा पक्षी न्यू गिनी बेटाचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, विषुववृत्ताच्या जरा खाली पसरलेल्या त्या प्रचंड बेटाचा पश्चिम भाग आज इंडोनेशियाच्या अमलाखाली आहे आणि पूर्व भाग पापुआ न्यू गिनी हे स्वतंत्र राष्ट्र आहे. पण या पक्ष्यांनी आपला मुलूख वाटून घेतला तो राजकीय नकाशे निघण्याच्या फार आधी. बेटाच्या मधोमध आडव्या पसरलेल्या उंच पर्वतरांगेने सखल अरण्यांचे जे तुकडे केले, त्यांत या कुळाच्या चार शाखा चार जहागिऱ्या असाव्यात तशा नांदत आहेत. पश्चिमेच्या टोकाला आणि राजा अंपात बेटांवर एक, दक्षिणेच्या मैदानांत दुसरी, आग्नेयेला तिसरी, आणि उत्तरेच्या दलदलीच्या रानांत व बियाक-यापेन बेटांवर चौथी. शास्त्रज्ञ या सर्वांना मिळून गौरा म्हणतात. इंडोनेशियात त्याला मांब्रुक म्हणतात, आणि पापुआ न्यू गिनीच्या बाजारहाटाच्या बोलीत तो गुरिया आहे. आज हयात असलेल्या सगळ्या कबुतरांत आकाराने सर्वांत मोठे हेच.

चौघांपैकी उत्तरेकडचा पक्षी सर्वांत देखणा, यात मतभेद होण्याचे कारण नाही. सर्वांगाचा रंग निळसर राखी, म्हणजे आपल्या पारव्याचाच, परंतु पावसाने धुऊन काढल्यासारखा नितळ. छातीवर गडद तांबूस-किरमिजी रंग. पंखांवर फिकट राखाडी पट्टा आणि त्याला किरमिजी किनार. डोळ्यांभोवती काळा मुखवटा, आणि त्या काळोखात लालभडक बुबुळे. या सगळ्यावर तो तुरा. तुरा हा शब्दही येथे अपुरा पडतो, कारण कोंबड्याच्या तुऱ्यासारखा तो मांसाचा नाही आणि हुदहुदाच्या तुऱ्यासारखा तो मिटत-उघडतही नाही. कपाळापासून मानेपर्यंत उभी राहिलेली, तंतू सुटे सुटे असल्यामुळे जाळीदार दिसणारी पिसे पंख्यासारखी कायमची पसरलेली असतात, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाशी तंतू पुन्हा एकत्र येऊन पांढरी किनार असलेला एक छोटा ठिपका तयार होतो. बाकीच्या तीन शाखांच्या तुऱ्याला हा पांढरा काठ नाही; त्यांचा मुकुट साधा, पण घडण तीच.

येथे एक गोष्ट मला विशेष वाटते. मोराचा पिसारा मोरालाच असतो. लांडोर त्याकडे पाहते किंवा पाहिल्यासारखे करते. रानकोंबड्याचा झगमगाट कोंबडीच्या वाट्याला येत नाही. पक्षिसृष्टीत सौंदर्याचे इनाम सामान्यतः नराच्या नावे लागलेले असते आणि मादीला अंडी उबवण्यासाठी मातकट रंगाचे वतन मिळते. या कपोतांत तसे नाही. नर थोडा थोराड असतो एवढेच. बाकी वर्ण, मुखवटा, तांबडा डोळा आणि मुकुट दोघांनाही सारखाच, इतका की जाणकारालाही जोडीतला नर कोणता हे दुरून सांगता येऊ नये. राजचिन्ह जर राणीलाही तेवढेच आणि तसेच असेल, तर ते मिरवण्याकरिता असते की आणखी कशाकरिता, हा प्रश्न माझ्या मनात बराच काळ रेंगाळत राहिला.

युरोपीय माणसांच्या नजरेला हा पक्षी पडला तेव्हा त्यांनाही त्याची वर्गवारी करताना पंचाईत पडलेली दिसते. विल्यम डँपियर हा इंग्रज दर्यावर्दी, जो आधी समुद्री चाचेगिरी करून पुढे सरकारी जहाजाचा कप्तान झाला, तो १७०० सालच्या आरंभी न्यू गिनीच्या किनाऱ्याशी पोचला. त्याच्या माणसांनी कोंबड्याएवढ्या, आकाशी रंगाच्या, डोक्यावर लांब पिसांचा झुबका असलेल्या एका पक्ष्याची शिकार केली. डँपियरने त्याची चोच कबुतरासारखी आणि पाय कोंबडीसारखे असल्याची, त्याच्या अन्नपिशवीत रानफळे सापडल्याची, आणि खलाशांनी झाडावर चढून घरट्यातले एकच अंडे खाली आणल्याची नोंद केली आहे. चाच्याच्या हातची ही नोंद किती चोख आहे! पुढे पॅरिसमध्ये याच पक्ष्याची चित्रे छापली गेली ती मुकुटधारी फेझंट म्हणून, शिवाय हिंदुस्थानातला म्हणून. ज्यांनी तो जिवंत पाहिला नव्हता त्यांना त्याच्या डौलावरून तो कबुतर असणे शक्य वाटले नाही, आणि ज्याने त्याची चोच हातात धरून पाहिली त्याला संशय उरला नाही. पश्चिमेकडच्या जातीला पल्लास या पंडिताने १७६४ साली शास्त्रीय नाव दिले. उत्तरेकडच्या देखण्या जातीचे बारसे १८४४ साली लंडनमध्ये झाले, आणि तेव्हा गादीवर असलेल्या पंचविशीतल्या राणीचे नाव तिला मिळाले. त्या राणीचे नाव मुंबईत आपण एके काळी घोडागाडीला, आगगाडीच्या स्थानकाला आणि भायखळ्याच्या बागेलाही दिलेले असल्यामुळे, एका कबुतरालाही ते मिळाले याचा आपल्याला विषाद वाटण्याचे कारण नाही.

परंतु कबुतराने जमिनीवर राहावे, आणि एवढे मोठे व्हावे, हे घडले कसे? आपल्या हरियालाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून ज्याला मान मिळाला आहे तो हा हिरवा कपोत वड-पिंपळाच्या शेंड्यांवरून सहसा उतरत नाही. तो भुईला पाय लावीत नाही, पाणी प्यायला उतरलाच तर पायांत काटकी धरून उतरतो, अशी उत्तर हिंदुस्थानात समजूत आहे आणि तेथील भक्तकवींनी ती एकनिष्ठेच्या दृष्टांतासाठी वापरली आहे. हरियालाने जमीन टाळावी याला भक्तीखेरीज दुसरे व्यावहारिक कारणही आहे: आपल्या जमिनीवर मांजर आहे, मुंगूस आहे, कोल्हा आहे, बिबळ्या आहे. न्यू गिनीत यांतले काहीच नव्हते. ते बेट आणि ऑस्ट्रेलिया पूर्वी एकाच भूखंडाचे भाग, म्हणून तेथे कांगारूच्या जातीचे पिशवीधारी प्राणी पोचले, उंदीर आणि वटवाघळे पोचली, पण मार्जारकुळ आणि वानरे आशियाच्या बाजूलाच अडकून पडली. आल्फ्रेड रसेल वॉलेस, ज्याने डार्विनच्या जोडीनेच उत्क्रांतीचे तत्त्व मांडले, तो १८५८ साली न्यू गिनीच्या किनाऱ्यावर काही महिने राहिला होता; त्याने १८६५ साली मलाय द्वीपसमूहातील कपोतांवर एक निबंध लिहून असा तर्क मांडला, की या पूर्वेकडच्या बेटांत कबुतरांची एवढी समृद्धी दिसते तिचे कारण तेथे माकडे नाहीत हे आहे. चार काटक्यांचे उघडे घरटे आणि त्यात बिनसंरक्षणाची अंडी, असा ज्यांचा संसार, त्यांना माकडांच्या राज्यात कुठला थारा मिळणार!

झाडावर माकड नाही आणि खाली मांजर नाही. रानकोंबडा आणि मोरही त्या रानापर्यंत पोचलेले नव्हते, त्यामुळे झाडावरून गळून पडलेली फळे आणि बिया, म्हणजे खालच्या मजल्यावरची सगळी दौलत, बऱ्याच अंशी बेवारस होती. तिचा कबजा या कपोतांनी घेतला. दोन-चारांपासून दहापर्यंत पक्ष्यांची टोळी ओलसर काळोख्या रानात पाचोळ्यातून हळूहळू सरकत जाते, अंजिराच्या जातीची फळे, बिया, क्वचित गोगलगाई वेचते. कोंबडीसारखे पायाने उकरणे या कुळाला ठाऊक नाही. चोचीने पान उलटायचे, खाली काही असल्यास घ्यायचे, नसल्यास पुढे जायचे. मस्तकावर मुकुट आणि उपजीविका मात्र पडलेले वेचण्याची! आपल्याकडे कणाद ऋषींनी शेतात सांडलेले कण वेचून निर्वाह केला आणि वैशेषिक दर्शन लिहिले असे सांगतात; त्यांच्या डोक्यावर मुकुट असल्याचे मात्र कोणी सांगत नाही.

मी हा पक्षी त्याच्या घरी पाहिलेला नाही. सिंगापुरात माझा भाचा नोकरीला असताना त्याने मला तेथील जुरोंगच्या जुन्या पक्षी-उद्यानात नेले होते. ते उद्यान आता बंद होऊन पक्षी दुसरीकडे हलवले गेले आहेत, पण तेव्हा तेथे उंच जाळ्यांखाली एक छोटेसे अरण्यच उभे केलेले होते आणि माणसांना त्यातून हिंडता येत असे. आम्ही पायवाटेने चाललो असता समोरून हा पक्षी आला. वाट अरुंद होती. मी थांबलो, तो थांबला नाही. सावकाश, प्रत्येक पावलागणिक शेपूट किंचित वरखाली करीत, तो माझ्या पायांजवळून इतक्या बेफिकिरीने निघून गेला, की वाट देणे हे माझे कर्तव्यच होते अशी माझी खात्री झाली. भाच्याची मुलगी म्हणाली, “आजोबा, हा तुम्हांला ओळखतो का?” मी म्हटले, “नाही ग, म्हणून तर हा असा चालतोय.”

पुढे झाडीत त्याची जोडीदारीण होती, आणि तेथे मला तो देखावा पाहायला मिळाला ज्यासाठी माणसाने सिंगापूरपर्यंत जावे. नराने मान खाली घातली, इतकी की तुरा जमिनीला समांतर होऊन मादीच्या पुढ्यात धरला गेला. मागे शेपूट पसरले आणि ते तालात वरखाली होऊ लागले. आणि प्रत्येक झुकण्याबरोबर एक खोल हुंकार उठू लागला. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून त्यावर उघडी थाप पडली म्हणजे जो नाद कानाआधी छातीला कळतो, त्याच्याच जातीचा तो आवाज होता. मुलीने आपल्या पोटावर हात ठेवून पाहिले. वळचणीच्या पारव्याची ती घुमण्याची आणि मान लववण्याची रीत हीच, यात शंका नाही. तेच मार्दव, तीच आर्जवे. फक्त त्याला अडीच शेरांचे शरीर आणि मुकुट मिळाला की ते एखाद्या दरबारी रिवाजासारखे दिसू लागते. हा मुकुट ताठ मानेने बसण्यासाठी नाहीच. त्याची खरी शोभा प्रकट होते ती वाकल्यावर. उभा असताना तो बाजूने दिसतो, झुकल्यावर तो समोरच्याला अर्पण केल्यासारखा दिसतो. दोघांनाही तो का आहे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ काय देतील ते देवो. मला त्या झाडीत जे उत्तर मिळाले त्याने माझे समाधान झाले.

एरवी जमिनीवर वावरणारा हा पक्षी रात्री झोपायला आणि घरटे बांधायला मात्र झाडावर जातो. काटक्या, देठ, ताडाच्या जातीची पाने यांचे ते घरटे कबुतरांच्या मानाने बरेच भक्कम असते. त्यात अंडे एकच. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ते उबवतात आणि आंधळे, दुबळे पिलू बाहेर आले म्हणजे दोघेही त्याला आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून पाझरणारे दुधासारखे दाट अन्न भरवतात. हे कपोतदुग्ध सगळ्याच कबुतरांचे वैशिष्ट्य आहे आणि ते बापालाही येते, ही गोष्ट मला नेहमीच थोर वाटत आलेली आहे. पिलू घरट्यातून उतरल्यावरही कित्येक आठवडे आईबाप त्याला सांभाळतात. एका वेळी एक अपत्य, त्यावर एवढा खर्च, आणि बंदिवासात पंचवीस वर्षांहूनही अधिक आयुष्य: ज्या घरात चोराची भीती नाही अशा घराचा हा हिशेब आहे. पिले फार नकोत, असेल ते जपू.

चोर आला तो दोन पायांवर. माणूस न्यू गिनीत फार प्राचीन काळापासून आहे आणि तेथील लोक धनुष्यबाणाने या पक्ष्याची शिकार करीत, त्याचे मांस खात, तुरा सणासमारंभाच्या शिरोभूषणात खोवीत. ते सगळे त्या अरण्याच्या आमदनीला झेपण्याजोगे होते. एकोणिसाव्या शतकात बंदूक आली आणि या पक्ष्याचा स्वभावच त्याच्यावर उलटला. घाबरला म्हणजे तो पंखांचा मोठा फडफडाट करून उठतो आणि जवळच्याच एखाद्या फांदीवर बसून खाली काय चालले आहे ते पाहत राहतो. खाली काय चालले आहे हे पाहण्याची जिज्ञासा बंदुकीच्या काळात परवडणारी नव्हे. त्यातच युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन आली आणि स्वर्गीय पक्ष्यांच्या पिसांबरोबर या कपोताचे मुकुटही लंडनच्या बाजारात लिलावाला येऊ लागले. म्हणजे ज्या राणीचे नाव त्याला दिले तिच्याच राजधानीत त्याच्या मुकुटाची बोली लागत होती. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली आपल्या देशातून पिसांची निर्यात बंद केली, अमेरिकेने १९१३ साली आयात अडवली, आणि खुद्द इंग्लंडने १९२१ साली कायदा केला. तोपर्यंत फॅशनही ओसरत चालली होती. कायदा अशा वेळी येतो हे काही नवीन नाही.

या कुळावर अशी वेळ येण्याची ही पहिली खेप नव्हे. मॉरिशसचा डोडो हाही कपोतच, जमिनीवर उतरून उडणेच विसरून गेलेला. त्याची गाठ आपल्याशीही पडली होती: पीटर मंडी नावाच्या इंग्रज कंपनीच्या नोकराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात खुद्द सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काढले असे मानतात ते डोडोचे रंगीत चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. १६६२ सालानंतर डोडो कोणी खात्रीलायक पाहिला नाही. शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर गेली त्याच्या दोनच वर्षे आधी ही गोष्ट संपली होती. २००२ साली ऑक्सफर्डच्या जुन्या डोडोच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनी त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरवला तो आपल्या निकोबार बेटांवरचा, मानेवर लांब पिसांची झालर असलेला, धातूसारख्या हिरव्या झळाळीचा निकोबारी कपोत. हा किरीटधारीही त्याच भाऊबंदकीतला. म्हणजे या घराण्याचा एक वंशज आपल्याच तिरंग्याखाली राहतो, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत कोठे असल्यास माझ्या वाचनात आलेली नाही.

आज या चारही जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, आणि धोक्यात आलेल्या जिवांच्या लाल यादीत दोन जाती असुरक्षित व दोन संकटाच्या उंबरठ्यावर अशी नोंद आहे. बंदुकीपेक्षा मोठे संकट आता कुऱ्हाडीचे आहे, कारण हा पक्षी सखल रानाचा आणि लाकडाच्या ओंडक्यांना व तेलताडाच्या लागवडीला हवे असते तेही सखल रानच. जगात पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला आहे. शिधावाटपाच्या दुकानात रांग लावून आणलेल्या पामोलीनच्या पिशव्यांवर आपल्या किती दिवाळ्या तळून निघाल्या आहेत, हे मध्यमवर्गीय मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

पापुआ न्यू गिनीत वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९६६ सालचा आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. ते राष्ट्र १९७५ साली स्वतंत्र झाले, तरी राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांनी ब्रिटनच्या गादीवरची व्यक्तीच ठेवली आहे, त्यामुळे आज तेथील नाममात्र राजा, या कपोताला जिचे नाव मिळाले त्या राणीच्याच वंशातला आहे. पण रान त्याचे नाही आणि सरकारचेही नाही. त्या देशातली बहुतेक सगळी जमीन वहिवाटीने कुळांच्या मालकीची आहे, आणि झाडे तोडण्याचा मक्ता द्यावयाचा की नाही, अमुक ओढ्यापलीकडे शिकार चालू ठेवायची की बंद, हे त्या त्या भाऊबंदांच्या बैठकीत ठरते; त्या कायद्याने अशा जमीनमालकांनीच आपले रान राखीव करून सांभाळण्याची सोयही केली. बैठकीला लाकूड-कंपनीचा मुनीम मसुदा घेऊन येतो, रस्ता देऊ म्हणतो, दवाखाना देऊ म्हणतो, शाळेवर पत्रे घालून देऊ म्हणतो. समोर बसलेल्यांतल्या कित्येकांनी आपल्या आजोबांच्या डोक्यावर तो निळा तुरा पाहिलेला असतो. त्यांच्या मुलांना शाळा हवी आहे, हेही खोटे नाही, आणि सिंगापूरच्या जाळीखाली तो पक्षी पाहून परतलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्या बैठकीत काही बोलावे असा त्याला अधिकार नाही.